मन्नूबियाचा मार्च

मक्तरच्या माळावर मन्नूबियाएवढी ताठ बाई दुसरी नव्हती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मेंढ्या राखल्या, दोन लेकरं वाढवली, आणि कुणालाही कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही. एकदा सांगितलं की सांगितलं. ऐकणाऱ्याला कान कशाला दिलेत, असं तिचं म्हणणं.

आईकडून आलेली मिरची तिनं जिवापाड जपली होती. बोटाएवढी, टोकाला वाकडी, वाळली की काळपट पडणारी. तिच्या हरीसाच्या चटणीला जो वास यायचा, तो बाजारच्या मिरचीला कधी आला नाही. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि वाफा जळाला. लाल होऊन बी धरेल असं एकही फळ हाती लागलं नाही, आणि होतं नव्हतं ते बी त्याच वाफ्यात गेलेलं. चार झाडं तेवढी तगली. हिवाळा लागताना तिनं ती मुळांच्या मातीसकट काढली, वीतभर ठेवून छाटली, ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि भाकरीच्या भट्टीमागच्या उबेला ठेवली. बाहेर बर्फ पडत राहिलं. आत त्या काटक्या झोपून राहिल्या. फेब्रुवारीत त्यांना राईएवढे हिरवे डोळे फुटले, तेव्हा मन्नूबिया डब्यांपुढे बसून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. ह्या चौघींनी यंदा फळ दिलं तर बी. नाहीतर आईची मिरची संपली.

नेमका तेव्हाच तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. लेक वसीला समुद्राकाठी, स्फाक्सला राहायची. तिनं तिथल्या दवाखान्यात दिवस ठरवला. निघताना मन्नूबिया मुलाला, हम्मादीला म्हणाली, "दिवसा ऊन दाखव. सूर्य कलला की आत घे. हुसूम सरेपर्यंत एक दिवस चुकायचा नाही."

"हुसूम सरतो कधी, उम्मी?"

"चार मार्चला. एवढा घोडा झालास, तेही मीच सांगू?"

हुसूम म्हणजे हिवाळ्याचे जाता जाता चावणारे आठ दिवस. मन्नूबिया ते शेतकऱ्यांच्या जुन्या गणतीनं मोजायची, आणि ती गणती कचेरीतल्या तारखेच्या तेरा दिवस मागून चालते. तिच्या लेखी मार्च एकच होता. हम्मादीच्या फोनमध्येही एकच होता. दुसरा.

चार तारखेपर्यंत त्यानं डबे इमानानं आत-बाहेर केले. पाचला भिंतीलगत ओळीनं मांडले आणि हात झटकले.

दहा तारखेला स्फाक्समधल्या खिडक्या खडखडल्या. डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली मन्नूबिया हसली. "शिरला बघ हुसूम. डबे उचलून हम्मादीची कंबर मोडली असेल."

"फोन लावून देते, आठवण करून दे," वसीला म्हणाली.

"सांगायचं ते सांगून आलेय. मी काय पोपट आहे?"

बारा तारखेला मक्तरचा माळ उजाडताना दव गोठून पांढराफटक होता. मिरचीची पानं उकडल्यासारखी लोंबत होती. हम्मादीला वाटलं, तहानली असतील. त्यानं बादलीभर गार पाणी घातलं.

मन्नूबिया परतली ती नवा लख्ख डोळा घेऊन. त्या डोळ्यानं तिनं घरी आल्यावर आधी ते डबे पाहिले. नखानं एकीची साल खरवडली. तपकिरी. मातीला लागून खरवडली. तिथंही तपकिरी. चौघींचं तेच.

"तूच म्हणालीस ना चार मार्च?" हम्मादीचा आवाज चढला.

"चार मार्च परवा झाला रे."

"मग 'जुन्या गणतीनं' एवढं बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?"



दिवस कलता कलता शेजारची मब्रूका डोळा कसा आहे ते बघायला आली आणि डब्यांपाशीच थबकली. बारा वर्षं ती ह्या मिरचीचं बी मागत होती, आणि बारा वर्षं मन्नूबियानं तिला वाटीभर हरीसा देऊन वाटेला लावलं होतं.

"मूठभर दिलं असतंस, तर आज माझ्या दारात उभी असती तुझ्या आईची मिरची."

"तुझ्या हातानं काही जगत नाही, मब्रूके."

"नसेल जगत. पण मला मार्च दोन्ही कळतात."

ती गेल्यावर मन्नूबियानं एकेक डबा उंबऱ्यापाशी पालथा केला. माती डब्याच्या आकाराची निघाली, चौकोनी. तिनं ती पायानं फोडली.

हम्मादी दारात घुटमळत होता. "सोमवारच्या बाजारातून रोपं आणू, उम्मी?"

"आण."

"कुठली?"

"कुठलीही," मन्नूबिया म्हणाली, आणि काटक्या उचलून भट्टीकडे गेली.