तिजोरीशेठने सांगितलेली एकच गोष्ट

चौकातल्या सलूनच्या मालकाला सगळे तिजोरीशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. दोन खुर्च्या, त्यातली एक पाय मोडल्यामुळे भिंतीला टेकवलेली, समोर लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. पण त्याच्या खुर्चीत बसून माणूस जे बोलेल, ते तिथेच राही. गळ्याभोवती कापड बांधलं आणि मान खाली घातली, की माणसं का कोण जाणे, मोकळी होतात. कुणाचं भावाशी फाटलंय, कुणाची नोकरी गेलीय आणि घरी अजून पत्ता नाही, कुणाला डॉक्टरांनी काय सांगितलंय, सगळं त्याच्या कानात जाई आणि कुलूपबंद होई. बाकावरच्या एखाद्याने खोदून विचारलंच, तर तो म्हणे, "कात्रीच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

जवळच्या कॉलेजातले हेडक्लार्क दर महिन्याला दुकान बंद व्हायच्या वेळी मागच्या दाराने येत. डोक्यावरचा टोप काढून त्याच्या हातात देत. तो टोप धुऊन, विंचरून ठेवी आणि कानाच्या कडेला उरलेले खरे केस त्याला जुळतील असे कापून देई. त्यांच्या ऑफिसात कुणाला याची कुणकुण नव्हती. तिजोरीशेठने हे घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता हे मी सांगून बसलो, पण मला कुणी तिजोरी म्हणत नाही.

आपल्या या गुणाचा त्याला अभिमान होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणे. असा माणूस चुकला तर लहानसहान चुकत नाही, हे त्याचं त्यालाही पुढे कळलं.

त्याची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. एकुलती एक, बोलायला कमी, अक्षर मोत्यासारखं. आता कॉलेज शोधायचं होतं. तिजोरीशेठने स्वतः शाळा मधेच सोडलेली. कॉलेज म्हणजे त्याच्यासाठी बाहेरून बघितलेली मोठी इमारत. बायको हॉस्पिटलच्या धोबीखात्यात चादरींना इस्त्री करायची. तिचंही शिक्षण तेवढंच. मग त्याने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. आयुष्यात त्याला जे जे लागलं होतं, ते त्याने खुर्चीत बसलेल्या माणसालाच विचारलं होतं. नळ गळतोय, विचार खुर्चीला. बायकोचा गुडघा दुखतोय, विचार खुर्चीला. घरातला फ्रीजसुद्धा असाच, दाढी करता करता मिळालेला. मग कॉलेजच तेवढं वेगळं का असेल?

बाकावरची जुनी सिनेमाची मासिकं गेली आणि त्यांच्या जागी कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं आली. केस कापायला आलेला माणूस ती चाळत बसे आणि खुर्चीत आला की शेठ विचारी, "काय वाटतं तुम्हाला?" वाटायला काय, सगळ्यांनाच वाटतं. बँकेतले साहेब म्हणाले, कॉमर्स. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, कॉम्प्युटर, डोळे झाकून. शेजारच्या दुकानातला मेडिकलवाला म्हणाला, "फार्मसी! औषधाला मरण नाही, शेठ. माणसाला असेल." ज्याचा भाचा ज्या कॉलेजात, ते कॉलेज उत्तम. सगळे उंटावरचे शहाणे. शेठ मात्र संध्याकाळी घरी जाऊन ते सगळं मुलीला भक्तिभावाने ऐकवी. ती ऐकून घेई. कधी हसे. "बाबा, तुझ्या गिऱ्हाइकांनाच पाठव ना कॉलेजात," म्हणे. पण फोनवर ती त्याच्याबरोबर कॉलेजांचे फोटो बघत बसे, वसतिगृहाच्या खोल्या मोठ्या करून दाखवी. ते दिवस त्याच्या सुखाचे होते.

मग शाळेची सराव परीक्षा आली. रसायनाच्या पेपरच्या दिवशी तो तिला स्कूटरवर घ्यायला गेला. सिग्नलला थांबल्यावर ती मागून त्याच्या पाठीशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, मी अर्धा पेपर कोरा दिला."

"का गं? आलं नाही का?"

"येत होतं. हात एकदम गार पडले. पेनच धरता येईना. मी नुसती बसून राहिले, आणि मग रडले तिथेच." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आईला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

"नाही सांगणार," तो म्हणाला. आणि त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत मेडिकलवाला होता. शेठच्या डोक्यात रात्रभर एकच विचार फिरत होता. या पोरीचं कसं होणार? कोण घेणार तिला? फेस लावता लावता तो म्हणाला, "आमच्या पोरीचं असं असं झालं बघा. हात गार पडले, रडली, अर्धा पेपर कोरा. अशा मुलांना फार्मसीला घेतात का हो?" मग बँकेतल्या साहेबांना विचारलं. मग ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला. मग मागच्या दाराने आलेल्या हेडक्लार्कना, त्यांचा टोप हातात धरून. आपण काही सांगतोय असं त्याला वाटलंच नाही. तो विचारत होता. लोकांची गुपितं सांभाळायची असतात हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पोरगी मात्र लोकांतली नव्हती ना. ती त्याची स्वतःची होती, आणि स्वतःच्या गोष्टीला कुलूप कोण लावतो?

महिन्याभराने कॉलेज बघायला या, असं त्या जवळच्या कॉलेजने सगळ्यांना बोलावलं. बाप-लेक दोघं गेली. शेठने नवा शर्ट घातला होता. लांब व्हरांड्यात टेबलं मांडली होती, भिंतीवर बाण चिकटवले होते आणि मुलं आईबापांना मागे टाकून पुढे पळत होती. चौकशीच्या टेबलामागे हेडक्लार्क बसलेले, टोप अगदी झोकात. ओळखीचं तोंड दिसल्यावर शेठची छाती फुगली. बघ, माझी इथेही ओळख आहे, अशा थाटात त्याने मुलीला पुढे केलं.

हेडक्लार्क मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. "अरे वा, तूच का ती! पेपरात हात गार पडलेली? रडू येतं म्हणे तुला. काही काळजी करू नकोस बाळ, आमच्याकडे अशा मुलांना घेतात. बाबांनी सगळं सांगितलंय मला."

रांगेत त्यांच्या मागे तिच्याच वर्गातली मुलगी उभी होती, आईबरोबर. त्या आईने आपल्या मुलीकडे बघितलं. त्या मुलीने जमिनीकडे बघितलं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिजोरीशेठला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. या माणसाचं डोकं आपण किती जपलंय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याची नजर टोपाकडे गेलीही, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलं होतं, की हे सांगायचं नाही म्हणून?

मुलीने माहितीपत्रक घेतलं, "थँक्यू सर" म्हणाली आणि बाहेर आली. स्कूटरजवळ तिने विचारलं, "अजून कुणाला सांगितलंस?"

तो आठवायला लागला. आणि आठवता आठवता त्याचं तोंड उतरत गेलं, कारण कुणाला नाही सांगितलं, तेच त्याला आठवेना.

"गिऱ्हाइकांचं तू कुणालाही सांगत नाहीस," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझं तेवढं सांगितलंस." त्या दिवशी ती बसने घरी गेली.

बायकोला हे धोबीखात्यातल्या एका बाईकडून आधीच कळलं होतं. ती वाट बघत होती, घरातलं कुणी आपल्याला सांगतंय का. "मला नाही सांगितलं, आणि सगळ्या चौकाला सांगितलंस," ती म्हणाली. "दुसऱ्यांची तिजोरी आणि घरची चाळणी."

तो शर्ट काढून घडी घालत बसला. नव्या शर्टाची घडी काही जमेना.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलगी बोले, पण घरात पाहुणा आल्यावर बोलावं तेवढंच. तो खोलीत आला की फोन पालथा ठेवी. अर्जांची मुदत जवळ येत होती. ती कुठे अर्ज करणार, काय शिकणार, घरी राहणार की दूर जाणार, त्याला काही माहीत नव्हतं आणि विचारायला तोंड नव्हतं. आपल्याला न सांगताच ती एक दिवस बॅग भरून निघेल, याची त्याला धास्ती बसली.

केलेलं निस्तरावं म्हणून त्याने आणखी घोळ घातला. जो खुर्चीत बसेल त्याला तो हळूच सांगू लागला, "मी मागे पोरीचं बोललो होतो ना, ते विसरा बरं का." जे विसरले होते त्यांना आठवलं. आणि बेकरीवाला, ज्याला त्याने कधी काही सांगितलंच नव्हतं, तो ताठ होऊन म्हणाला, "कोणतं हो?" हातातला वस्तरा तसाच धरून शेठ उभा राहिला. त्या दिवसानंतर त्याने तोंडच मिटलं. बाकावरची माहितीपत्रकं उचलली आणि मोडक्या खुर्चीखाली सरकवून दिली. लोक सल्ले देतच होते. तो "हं" म्हणे आणि आरशात स्वतःकडे बघायचं टाळी. सलूनमध्ये हे किती अवघड असतं, ते उभं राहून बघा.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. तो कंगवे धूत होता. मुलगी दारात आली. जेवणाचा डबा आणला असेल असं त्याला वाटलं, पण हात रिकामे होते. ती सरळ आत आली आणि खुर्चीत बसली. लहान असताना खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून तो तिला याच खुर्चीत बसवायचा. मोठी झाल्यापासून ती इथे बसली नव्हती.

"कापायचेत," ती म्हणाली.

"कुठवर?" सवयीने त्याने विचारलं.

"खांद्यापर्यंत."

त्याने धुतलेलं कापड काढलं, झटकलं, तिच्या गळ्याभोवती बांधलं. केसांवर पाण्याचा फवारा मारला आणि कात्री सुरू केली.

मग ती आरशाकडे बघून बोलू लागली. "फार्मसीला नाही करणार मी अर्ज. भूगोलाला करणार आहे. तीन कॉलेजं ठरवलीत. सगळ्यात आवडलेलं आहे ते फार लांब आहे, वसतिगृहात राहावं लागेल." कात्री चालत राहिली. "आणि मला भीती वाटते. तिथे पुन्हा हात गार पडले तर कुणाला सांगू?"

शेठच्या तोंडात शब्दांची गर्दी झाली. भूगोल? त्याचं पुढे काय होतं? एवढ्या लांब? एकटी? मला सांग ना, वेडे, मला फोन कर! सगळं ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. मला सांग, हे म्हणायचा हक्क आपण कुठे घालवून आलो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मान जरा खाली," तो म्हणाला.

तेवढ्यात मेडिकलवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "अरे वा, आज लेक गिऱ्हाईक! काय शेठ, ठरलं का मग कॉलेज? फार्मसीच ना?"

मुलीने मान वर केली. आरशातून तिचे डोळे बापावर खिळले आणि तिथेच थांबले. परीक्षा कुणाची चाललीय, हे त्याला समजलं. त्याचेही हात गार पडले होते.

"बसा," तो म्हणाला. "कात्रीच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

तिची मान पुन्हा खाली गेली. तिने ती शेवटपर्यंत वर केली नाही. केस सारखे करून त्याने मानेवर ब्रश फिरवला, कापड सोडलं. ती उठली, आरशात एकदा बघितलं आणि "थँक्यू" म्हणाली. घरात तिने त्याला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. ती गेल्यावर मेडिकलवाल्याची दाढी करताना ब्लेड दोनदा त्याच्या हातातून निसटलं आणि बदलावं लागलं.

संध्याकाळी घरी बायको त्याच्या ताटात वाढत होती. मुलगी आतल्या खोलीत अर्ज भरत होती, दार उघडं ठेवून. बायकोने हळूच विचारलं, "केस कापायला आली होती ना? काही बोलली का कॉलेजचं?"

त्याने घास हातात धरला. मागे हिच्यापासूनही लपवलं होतं. आता पुन्हा लपवायचं? पण तो म्हणाला, "तिलाच विचार."

बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि मग कितीतरी दिवसांनी हसली. "शिकलास म्हणायचं. अरे, मला माहीत आहे सगळं. भूगोल, ते लांबचं कॉलेज, सगळं. कालच सांगितलं तिने, आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो तेव्हा."

तोही हसला. मग हातातला घास त्याने परत ताटात ठेवला. आईला सांगताना तिला गळ्याभोवती कापड बांधून घ्यावं लागलं नव्हतं.