पेटीतले केस

माझी बायको एसटीत कंडक्टर आहे आणि तिची ड्युटी पहाटेच सुरू होते, म्हणून पोरीच्या वेण्या घालायचं काम माझ्याकडं आलं. सेलूत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक स्क्रू हाताळणाऱ्याला वेण्या काय अवघड, असं मी शेजारणींना ऐकवायचो, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत. पोरगी पाचवीत आहे, आणि तिचा भांग सरळ निघाला की माझा दिवस बरा जातो.

त्या सकाळी भांग पाडताना कंगवा मध्येच घसरला. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती, वरच्या केसांखाली झाकलेली. मी बोटानं चाचपून पाहिलं. पोरगी मान खाली घालून बसून राहिली.

"चाई पडली," माझ्या आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं. "लेकरांचे केस गळतेत असे. कांदा चोळ." मग रोज कांदा चोळणं सुरू झालं. पोरगी कांद्याचा वास घेऊन शाळेत जायची आणि डाग वाढतच होता. डॉक्टरांनी मलम दिलं, त्यानंही फरक पडला नाही. गल्लीतल्या एका म्हातारीनं सल्ला दिला की सरळ चमन करून टाका, नवे केस लय दाट येतेत. पोरीचं अख्खं डोकं भादरायचं, तेही शाळा चालू असताना. मी त्या म्हातारीवर खेकसलो, आणि मधे पडली म्हणून आईवरही खेकसलो. मला भीती वाटली की राग येतो, आणि त्या दिवसांत मी सारखाच रागात होतो.

त्यात परीक्षा तोंडावर आलेली. आमच्याकडं पाचवीतलं लेकरू जरा हुशार निघालं की सगळ्या घराला एकच ध्यास लागतो, सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा. ती पास झाली की सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. त्यासाठी दर रविवारी क्लासची टेस्ट असायची आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निकाल यायचा. आमचीचं नाव बहुतेक वेळा सगळ्यांत वर असायचं. मी तो निकाल दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांचा फोन हातात घ्यायच्या आधी दाखवायचो.

तिच्या मामाला तर धीरच नव्हता. लेकरू शिकायला बाहेर निघालं की मामानं पेटी घ्यायची, अशी आमच्या घरात रीत आहे. हा बाबा परीक्षा व्हायच्या आधीच पेटी घेऊन हजर झाला. निळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगानं पोरीचं नाव रंगवून आणलेलं. आम्हा सगळ्यांना भरून आलं. आईनं पेटीला हळदकुंकू लावलं आणि ती पोरीच्या कॉटखाली सरकवून ठेवली. कुणी पाहुणा आला की पेटी बाहेर ओढून दाखवायची, पोरीनं पाया पडायचं, आणि पाहुण्यानं डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "आता नंबर सोडायचा न्हाई बरं का." आशीर्वादच तो. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

एका दुपारी घरात उंदराचा वास आला म्हणून मी कॉटखाली शिरलो आणि पेटीत डांबरगोळ्या टाकाव्यात म्हणून झाकण उघडलं. आत, मागच्या कोपऱ्यात केसांचा गुंतवळ होता. कंगव्याला निघतात तसे केस नव्हते ते. उचलून उजेडात धरले तर प्रत्येकाच्या टोकाला पांढरं मूळ दिसलं. केस गळत नव्हते. पोरगी उपटत होती आणि त्या पेटीत लपवत होती. तिथंच फरशीवर बसलो आणि फोनवर शोधू लागलो. काही लेकरं उपटलेले केस गिळतात, असं वाचलं आणि फोन खाली ठेवला.

बायकोला फोन लावला. मागं गाडीचा आवाज येत होता. मी सांगितलं, "पोरगी स्वतःच केस उपटायलीय." कुणीतरी जिंतूर मागितलं, तिनं तिकीट दिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "तिला काई बोलू नका. तुमचा आवाज चढतोय, चढू देऊ नका. शाळेतल्या बाईंना भेटा आधी."

वर्गाच्या बाईंनी ऐकून घेतलं. मधल्या सुट्टीत ती आता खेळायला येत नाही, भिंतीला टेकून बसते, हे त्यांनीही पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "रागावू नका, तिचा हात धरू नका. परभणीला लेकरांच्या मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीण बाई हायेत, तिथं घेऊन जा." मी हो म्हणालो आणि शाळेच्या फाटकाबाहेर येऊन गाडीला चावी लावली. मनाचा डॉक्टर म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही भीती होतीच, पण ती लहान होती. मोठी भीती वेगळीच होती. आज केस उपटतेय, उद्या जिवाचं काही करून घेईल. दुकानात बसल्या बसल्या मला ते दिसायचं, आणि मी शटर ओढून घरी जाऊन पोरगी आहे ना, एवढंच बघून यायचो.

परभणीत डॉक्टरीण बाई तिच्याशी एकटीशी बोलल्या. मग मला आत बोलावून म्हणाल्या, आणखी बऱ्याच वेळा यावं लागेल. मनात भीती आली की तिचा हात आपोआप डोक्याकडं जातो, तिला स्वतःला ते कळतही नाही. कसली भीती, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते तीच तुम्हाला सांगेल, तुम्ही नुसते तिच्याजवळ बसत जा.

परत येताना स्टेशनवर गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसून फुटाणे खात होतो. पोरगी रुळांकडं बघत म्हणाली, "पप्पा, त्या शाळेतून घरी कवा येऊ देतेत?"

"सुट्टीत. दिवाळीला, उन्हाळ्यात."

"रोज न्हाई?"

"रोज कसं येऊ देतील, माय?"

तिनं हातातले फुटाणे परत पुडीत टाकले. "मला न्हाई जायचं तिकडं. दर रविवारी वाटतंय, आज थोडं चुकवावं. पण बरोबर उत्तर दिसतंय, मग दुसरा गोल काळा करायला हातच जात न्हाई. आन् चुकले तर तुमी सगळे नाराज होतान. पेटी आली तवा मला वाटलं, पाठवायचं ठरलंच."

इतके दिवस आम्हाला वाटत होतं की पोरगी नापास व्हायला भिते. म्हणून सगळं घर तिला रोज धीर देत होतं, तू पास होणारच, तू पास होणारच. आणि दर वेळी ती भीतीनं गारठत होती.

"नको जाऊ," मी म्हणालो. "तुला न्हाई जायचं तर न्हाई जायचं. आजीला, मामाला मी सांगतो."

"खरंच?"

"खरंच."

तिनं पुडीतला एक फुटाणा परत उचलला. "मग येत्या रविवारी मी चुकले तरी चालंल?"

"चालंल की."

"किती चुकले तर चालंल?"

कितीही, एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर वर राहिलेलं तिचं नाव, ग्रुपवरचे लोक, दुकानातली गिऱ्हाइकं, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि उत्तराला उशीर झाला. "कितीही," मी म्हणालो. तोवर तिचा हात कानाच्या वर गेला होता.