हळदीचा पंजा

समस्त जनहो, काळजावर हात ठेवून ऐका! शहापूरच्या बाजारपेठेत एक गंभीर गुन्हा वर्षानुवर्षं उजळ माथ्यानं घडत होता. किराणा दुकानाची मालकीण जनाआत्या चांगल्या, देखण्या पिशव्यांवर दिवसाढवळ्या डाग पाडत असे. समोरच्या चपलांच्या दुकानात बसून मी हा सोहळा मिटक्या मारत पाहायचो.

आत्या पेठेतली जुनी लुगडी गोळा करी, त्यांच्या पिशव्या शिवी आणि दारातल्या खुंट्यांवर टांगून ठेवी. डाळ-साखर कागदाच्या पुडीत, पुड्या पिशवीत. पुढच्या खेपेला पिशवी परत आणायची. कॅरीबॅग मागितली की म्हणे, "तो पाव्हणा नको रे. येतो हसत, नि जायचं नाव नाय घेत!"

दुपारी ऊन पेंगुळलं, की रस्त्यावरून लुगडीच चालताना दिसत. एखादं हिरवं पोटात बटाटे घेऊन डुलत जाई, एखादं जांभळं वळणाशी क्षणभर थांबे. कधीच्या गेलेल्या बायका सावकाश बाजार करून घरी निघाल्यात, असं वाटे.

पण पिशव्या परत येईनाशा झाल्या. खुंट्या ओक्याबोक्या. आत्याच्या मुलानं, दिलीपनं, कॅरीबॅगांचा गठ्ठा आणून आपटला. "आई, रिकाम्या हातानं आलेलं गिऱ्हाईक हायवेच्या दुकानात जातं. खुंट्या भर, नायतर सोमवारपासून ह्याच."

मागच्या आळीतली कमळीमावशी समोर सापडली. आत्यानं तिला धरलं, "माझी पिशवी खाल्लीस काय गो?"

"ट्रंकेत ठेवलीय. इतकी देखणी, तिच्यात कांदे भरू? लग्नाला न्यायची हाय!"

घरोघरी हेच! आत्या हसून हसून ठसकली. मग वाटीत तेल-हळद कालवून ती घराघरांत शिरली, ट्रंका उघडायला लावल्या आणि प्रत्येक पिशवीवर सणसणीत पंजा उमटवला. "ने आता लग्नाला!" सोमवारी खुंट्या गच्च. गठ्ठा गल्ल्याखाली गेला. पुढे नव्या पिशवीवरही आधी पंजा, मगच खुंटी.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. तेरावं झाल्यावर दुकान उघडलं, तर तिनं शेवटी शिवलेली पिशवी फोटोशेजारी, हार घालून. बाकीच्या खुंट्या रिकाम्या. आत्याचा हात उमटलेली पिशवी वापरायची कशी, म्हणून पेठेनं सगळ्या पुन्हा ट्रंकेत घातलेल्या. आम्ही चार-पाच जण हात जोडून उभे होतो. उदबत्तीच्या धुरात तो पिवळा पंजा हलल्यासारखा वाटत होता. दिलीपनं डोळे पुसले आणि वाकून गल्ल्याखालचा गठ्ठा ओढला.

पुढे कमळीमावशी उभी होती. त्यानं नुकतेच तोलून दिलेले कांदे पदराच्या खोळीत. तिनं गठ्ठ्याकडे पाहिलं, पंजाकडे पाहिलं, तेवढ्यात पदर सुटला आणि ती ओरडली, "दिल्या, हात जोडायला फोटो हाय ना रे! पिशवी काढ खाली, माझे कांदे चालले गटारात!"