चार नंबरचा सिलिंडर

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी नगरच्या छावणीत रणगाड्यांच्या, म्हणजे टँकच्या, पलटणीत रिक्रूट झालो. लोक लढाईसाठी घरदार सोडून लांब जातात. मी सायकलवर गेलो, कारण घर शेजारीच भिंगारला होतं. वडील शाळामास्तर. "हात काळे होतील, जानवं सांभाळ," एवढंच म्हणाले. आईनं लाडू बांधून दिले. ते पहिल्याच दिवशी बराकीत संपले, आणि त्यातले निम्मे खंडूनं खाल्ले. आमची ओळख झाली ती अशी.

खंडू पारनेरकडच्या एका वाडीचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि पिठाची चक्की. मी ब्राह्मण म्हणून तो मला 'पंत' म्हणायचा, आणि मी त्याला खंड्या. दोघांचाही ट्रेड एकच, ड्रायव्हर मेकॅनिक. पहाटे बिगूल, मग पीटी, मग दुपारपर्यंत इंजिनची शेड. तिथं पंजाबचे एक दफेदार शिकवायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांनी पिस्टन इंजिन चार शब्दांत शिकवलं. "खींच, दबा, जला, फेंक." पिस्टन म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या. तो खाली जातो, तेव्हा पेट्रोल आणि हवा आत ओढतो. वर येतो, तेव्हा ती दाबतो. प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो तो धूर बाहेर फेकायला. चार कामांतलं एकच कमाईचं, बाकी तीन खर्चाची. "घर भी ऐसे ही चलता है," उस्ताद म्हणायचे.

रेल्वेचं इंजिनही पिस्टनचंच, मग फरक काय, असं मी विचारलं. उस्ताद म्हणाले, त्याची चूल बाहेर, आपली चूल पोटात. रेल्वेत विस्तव एकीकडे पेटतो आणि वाफ जाऊन पिस्टन ढकलते. आपल्याकडे विस्तव पिस्टनच्या डोक्यावरच पेटतो. म्हणून रेल्वेला तापायला वेळ लागतो आणि टँक बटन दाबताच निघतो. आजच्या जेट विमानात तर पिस्टनच नाही. त्यातही ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं आहेच, पण सगळं एकाच वेळी, अखंड. उस्तादांना ते आवडलं नसतं. त्यांना प्रत्येक गोष्ट पाळीनं झालेली आवडायची.

आमच्या हलक्या टँकला विमानाचं इंजिन होतं. सात सिलिंडर, चाकाच्या आऱ्यांसारखे गोल बसवलेले. उस्तादांनी सात रिक्रूट गोलात उभे केले, प्रत्येकाला नंबर दिला आणि आपला नंबर पेटला की बैठक मारायला लावली. एक, तीन, पाच, सात, मग दोन, चार, सहा. चार कामांना दोन फेरे लागतात, म्हणून एकाआड एक. खंडूला चार नंबर मिळाला, गोलाच्या अगदी तळाशी. तो दरवेळी चुकायचा आणि उस्ताद ओरडायचे, "ओ चार नंबर, तेरा प्लग खराब है क्या?" तेव्हापासून सगळी शेड त्याला चार नंबरच म्हणू लागली.

खालच्या सिलिंडरांची डोकी जमिनीकडे. इंजिन तास-अर्धा तास बंद राहिलं की तेल झिरपून त्यांत साचतं. हवा दबते, तेल दबत नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टनचा रॉड वाकतो आणि टँक जागच्या जागी मेला. म्हणून आधी मागून हँडल घालून इंजिन हातानं फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही, खालचा प्लग काढून तेल सोडायचं.

एके दिवशी शिकवणीच्या स्टँडवर इंजिन फिरवण्याची पाळी खंडूची आली. ते अडलं. त्यानं शांतपणे दांडा उलटा फिरवला, इंजिन मोकळं झालं, आणि तो आमच्याकडे बघून हसला. उस्तादांनी कपाळाला हात लावला. उलटं फिरवलं की तेल आत येण्याच्या नळीत जातं. तिथं ते लपून बसतं, स्टार्टर मारताच परत सिलिंडरमध्ये शिरतं आणि रॉड वाकवतं.

"किसने सिखाया?"

"बाप ने, उस्ताद."

शिक्षा ठरली. टँकचं हँडल कायम चार नंबर फिरवणार.

पुढच्या रविवारी पास काढून तो मला वाडीला घेऊन गेला, बापाचा दोष सिद्ध करायला. चक्कीवर एकाच सिलिंडरचं क्रूड तेलाचं इंजिन होतं. त्याला प्लग नाही, ठिणगी नाही. आण्णांनी, म्हणजे खंडूच्या वडिलांनी, बत्ती लावून त्याचं डोकं लाल होईस्तो तापवलं. त्या गरम डोक्यावर तेल उडालं की आपसूक पेटतं. मग त्यांनी मोठं चाक उलटं ओढलं. इंजिन दबलं, धाप टाकून स्वतःच सुलटं फिरलं आणि टुक टुक करत चालू झालं.

"बघ पंत," खंडू म्हणाला. "उलटं फिरवल्याबिगर व्हतं का चालू?"

आण्णांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. त्याच्या शिक्षेवर पोट धरून हसले. मग म्हणाले, "आरं, ज्या इंजिनाची जी रीत, ती धरावी. हितं उलटं, तर तितं सरळ. लई शानपना करू नगं." निघताना त्यांनी आम्हाला बाजरीचं पीठ बांधून दिलं. बराकीत त्याचं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढं आम्हाला ब्रह्मदेशात पाठवलं. नशिबानं टँक एकच मिळाला. मी ड्रायव्हर, खंडू माझ्या शेजारी, वर टँकचे प्रमुख जमादारसाहेब आणि तोफेवर एक गनर. एका सकाळी आम्ही बांबूच्या बेटाआड थांबलो होतो. आवाज होऊ नये म्हणून इंजिन बंद ठेवलं होतं. उन्हं चढली तेव्हा रेडिओ बोलला. पुढं आमचं पायदळ गोळीबारात अडकलं होतं, आणि 'टू' म्हणजे आमचा टँक.

"हॅलो टू. इन्फंट्री पिन्ड डाउन. मूव्ह अॅट वन्स. ओव्हर."

"टू. मूव्हिंग. आउट," जमादारसाहेब म्हणाले.

त्याच सुमाराला डावीकडून मशीनगन सुरू झाली. गोळ्या पत्र्यावर वाजू लागल्या.

जमादारसाहेबांनी विचारलं, "सीधा स्टार्ट करें?"

"नहीं साहब. रॉड मुडेगा," खंडू म्हणाला. हॅचचं झाकण उघडताना माझ्याकडे वळला. "पंत, मी ठोकल्याबिगर बटन दाबू नगं."

तो मागं गेला. हँडलचा फेरा मला पाठीत जाणवत होता. एक, दोन, मग अडला. गोळ्या थांबत नव्हत्या. पाना वाजला. तो प्लग काढत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, खंड्या, राहू दे, आत ये. पण बटनावर बोट ठेवून मी ठोक्याची वाट पाहत राहिलो. पुन्हा पाना वाजला, पुन्हा हँडल फिरलं, या वेळी सलग, सगळे सिलिंडर पार होईपर्यंत. मग पत्र्यावर दोन ठोके पडले.

मी बटन दाबलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

खंडू पुढं आला नाही. जमादारसाहेबांनी वरून मागं पाहिलं.

"ड्रायव्हर, अॅडव्हान्स."

"साहब, खंडू?"

"अॅडव्हान्स."

मी टँक काढला. मशीनगन बंद पाडली, इन्फंट्री मोकळी झाली. परत आलो तेव्हा खंडू तिथंच पडला होता. हँडल शेजारी, पाना मुठीत, हाताला कोपरापर्यंत तेल. आम्ही त्याला त्याच बांबूच्या बेटाजवळ पुरलं. अग्नी द्यायची सोय नव्हती. जमादारसाहेबांनी सॅल्यूट केला. मी रडलो, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

लढाई संपल्यावर भिंगारला घरी दोन दिवस राहिलो आणि वाडीला गेलो. आण्णा चक्कीवरच होते, वाळून गेलेले. बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. मला पाहून आण्णांनी बत्ती खाली ठेवली आणि बाहेर आले. मी सगळं सांगितलं.

आण्णांनी विचारलं, "सरळच फिरवलं ना त्यानं?"

"सरळच, आण्णा. अडलं तेव्हा प्लग काढून तेल सोडलं. उलटं नाही फिरवलं."

"मंग चालू झालं का?"

"पहिल्याच झटक्याला. म्हणून तर आम्ही तिघं घरी आलो."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ डोळे पुसत राहिले. मग म्हणाले, "बाया खोळंबल्यात," आणि आत गेले. त्यांनी इंजिनाचं डोकं तापवलं. चाक ओढायला हातात बळ पुरेना, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो.

"उलटं," आण्णा म्हणाले.

मी उलटं ओढलं. इंजिन चालू झालं. त्यांनी चक्कीचा पट्टा चढवला आणि दळणं सुरू केली. संध्याकाळी शेवटची बाई पीठ घेऊन गेली. आण्णांनी पट्टा काढला, पण इंजिन बंद केलं नाही. ते टुक टुक करत राहिलं, आणि तेल संपेपर्यंत आम्ही दोघं त्याच्या शेजारी बसून राहिलो.