हंडीला साबण पाजला

बायकोचं तेरावं आटोपलं, पाहुणे गेले, आणि मी स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन काढलं. अख्खी नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत माल तपासण्यात गेली. सुट्या भागावर फिरवलेल्या बोटाला तेल लागलं की माल परत, एवढीच माझी विद्या. रडू येत नव्हतं, तर म्हटलं निदान हे तरी करू.

ओट्याखाली तिची मातीची हंडी सापडली. चिंचेचं आंबट वरण ती त्यातच करायची. आत बोट फिरवलं, तर काळपट आणि तेलकट. इतकी वर्षं ही बाई मला यातून जेवायला घालत होती? तारेची घासणी घेतली, लिंबाच्या वासाचं लिक्विड ओतलं आणि तासभर घासली. वर दुपारभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली. निघाली ती नव्या विटेसारखी. मीच पास केली.

दुसऱ्या दिवशी वरण लावलं. उकळी आली तसा फेस आला. डाळीचा असेल म्हणून डावाने काढत बसलो. जेवढा काढला तेवढा पुन्हा हजर. चाखलं, तर भांडी घासायच्या लिक्विडची चव. तरी वाटीभर संपवलं. चव कळत होती, पण तिचं काही वाटत नव्हतं. त्या दिवसांत सगळ्याचंच तसं होतं.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला.

"बाबा, पंधरा दिवसांनी येते. बाकी काही करू नका, आईच्या हंडीतलं वरण तेवढं करा. हंडी नीट आहे ना?"

"चकाचक आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

सकाळी हंडी पिशवीत घालून आमच्या विजय नगरहून अधारताल भागात गेलो. आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथे रस्त्याकडेला एक म्हातारी कुंभारीण मडकी विकते. तिने हंडी नाकाशी धरली आणि हसली.

"भैयाजी, साबुन पिला दिया इसको?"

"धोया है, अम्मा."

"धोया नहीं, पिलाया है. मिट्टी सब पी जाती है. घर में कोई बताने वाली नहीं है क्या?"

"थी."

तिचं हसू थांबलं. मग तिने नीट सांगितलं. मंद आचेवर पाणी उकळायचं, फेकायचं, वास जाईपर्यंत रोज. शेवटी भाताची पेज उकळायची.

"और पुराना स्वाद?"

"वो भी तो मिट्टी ने ही पिया था, भैयाजी. साबुन निकलेगा तो वो भी निकलेगा."

रोज पाणी उकळू लागलो. चमचाभर चाखायचो, ओतून द्यायचो. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून पाहिलं.

"काहून हो भाऊजी, नुसतं पाणी काय उकळून राहिले?"

"सूप."

"कशाचं?"

"हंडीचं."

त्या लगेच आत गेल्या. तासाभराने त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा आला.

बाराव्या दिवशी पाण्याला कसलीच चव उरली नाही. मग पेज उकळली. मुलगी आली त्या दिवशी वरण लावलं. तिने पहिला घास घेतला आणि थांबली.

"नवी आणली का बाबा?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मग जुनी कुठे, हे सांगावं लागलं असतं.

"तीच आहे. मी साबणाने घासली. तारेच्या घासणीने."

तिने हंडी जवळ ओढली. पूर्वी कधी कुकरचं झाकण लागून काठाची कपची उडाली होती, ती जागा बोटाने चाचपली. आधी हसली, मग रडली. मी समोर बसून पाहत राहिलो. मला अजून ना हसू येत होतं, ना रडू.

"आईनेही कधीतरी नवीच आणली असेल ना," ती म्हणाली आणि तिने पुन्हा वरण वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर मी हंडी उचलायला गेलो, तर "तुम्ही नका, प्लीज," म्हणून तिने हातातून काढून घेतली. नुसतं गरम पाणी आणि नारळाची शेंडी, मग उन्हात पालथी. जाताना लिक्विडची बाटली स्वतःच्या बॅगेत घालून पुण्याला घेऊन गेली.

आता रोज त्यातच वरण लावतो. धुऊन वाळली की आत बोट फिरवून पाहतो. कालही पाहिलं. बोटाला अजून तेल लागत नाही.