चौदा नंबरच्या पोटातली गोष्ट

एल्सिरा अंतिनाओ पातागोनियाच्या किनाऱ्यावर पेंग्विनांची राखणदार झाली, त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीत रांधायची. जनावर न दुखवता कसं धरायचं हे तिनं तिथंच बघून ठेवलं होतं. म्हणूनच विद्यापीठातल्या लिलियानानं पेंग्विनांच्या पोटातल्या जिवाणूंचे नमुने गोळा करायचं काम तिच्याकडे दिलं. पेंग्विनचं डोकं काखेत धरायचं, शेपटीखाली कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत, नळी बर्फात. तेच तीस पक्षी, वर्षातून दोनदा: नोव्हेंबरात पिल्लं असताना आणि मार्चमध्ये पिसं गळताना. गावातल्या बायका तिला पेंग्विनांची सुईण म्हणायच्या. नवरा ब्रूनो तर ‘माते’ या तिकडच्या कडू चहाचा घोट घेता घेता हटकून विचारायचा, आज किती जणांना छळलंस म्हणून.

तिच्या मनात मात्र भलतंच कुतूहल घर करून होतं. मार्चमध्ये पेंग्विन काही खात नाही. नवी पिसं येईपर्यंत पाण्यात उतरायची सोय नाही, मग तीन आठवडे वाऱ्यात नुसतं उभं राहायचं. लिलियाना म्हणायची, तेव्हा पोटातले जिवाणूसुद्धा बदलतात. मासे असताना माजलेले मागे पडतात आणि दुसरेच पुढे येतात. घर तेच आणि बिऱ्हाडकरू ऋतूप्रमाणे वेगळे, याचं एल्सिराला भारी नवल वाटे. उपाशी पोटात राहायला येणारे हे कोण, असं ती ब्रूनोलाही विचारायची. ब्रूनो म्हणायचा, तुझे नातेवाईक असतील.

ऑक्टोबरात लिलियाना निकाल घेऊन चौकीवर आली. संगणकाच्या पडद्यावर नुसते ठिपके, एका नमुन्याचा एक. नोव्हेंबरचे निळे एकीकडे, मार्चचे लाल दुसरीकडे. एकच लाल ठिपका निळ्यांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. चौदा नंबरच्या पक्ष्याचा.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, लिलियाना समजुतीनं म्हणाली. होतं असं कधीकधी, तेवढा नमुना आपण टाकून देऊ. एल्सिरा ‘माते’च्या भांड्यात गरम पाणी ओतत राहिली. अकरा वर्षांत तिची एकही नळी चुकली नव्हती. हीसुद्धा चुकली नव्हती.

चौदा नंबर सहा वर्षांपूर्वी तेलानं माखून किनाऱ्याला लागला होता. तिनं त्याला घरच्या टबात धुतलं, दोन महिने हातानं मासे भरवले. गेल्या मार्चमध्ये तो उशिरा आला, छातीचं हाड वर आलेलं. असा पक्षी नवी पिसं येईपर्यंत तग धरत नाही, हे तिनं दरवर्षी पाहिलं होतं. तिच्यानं राहवलं नाही. सकाळी ज्या पर्यटकांना ती ‘खायला घालू नका’ म्हणून झापायची, ते गेले की दुपारी स्वतःच मासे घेऊन त्याच्यापाशी जायची. आणि खायला घातलं तर नमुन्यांचं काम जाईल, असं लिहिलेल्या कागदावर तिची सही होती.

नळी चुकली म्हटलं असतं तर फार तर वेंधळी ठरली असती, काम टिकलं असतं. पण त्या पोटानं खरं सांगितलं होतं, आणि तेच कचऱ्यात जाणार होतं. हे तिला सोसेना.

“नळी चुकली नाही, पोरी,” ती म्हणाली. “मी त्याला खायला घातलं. अकरा दिवस.”

लिलियानानं पडद्यावरच्या त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. “पिसं गळत होती ना तेव्हा?”

“मूठमूठ गळत होती.”

“मग जिवाणूंचं हे बदलणं कदाचित मार्चमुळे, पिसं गळण्यामुळे होतच नाही,” लिलियाना सावकाश म्हणाली. “भुकेमुळे होतं.” एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही हे तिनंच लगेच जोडलं, पण तिचे डोळे चमकले होते. मग ते विझले. “एल्सिराबाई, हे लिहावं लागेल. आणि लिहिलं की तुमचं काम...”

“लिही. तारखा मी सांगते.”

नमुन्यांचं काम गेलं, राखण तेवढी राहिली. मार्चमध्ये काडी घेऊन लिलियाना स्वतः आली. चौदा नंबर यंदाही हडकुळाच होता. एल्सिराला बघून तो डुलत पुढं आला आणि त्यानं चोच उघडली. तिनं दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवले.

“याला काही खायला घातलंय?” लिलियानानं वही काढत विचारलं.

“नाही,” एल्सिरा म्हणाली, आणि तिला रडू आलं.