जुन्या लायब्ररीवरची गोंडी पानं

पॅकेज सांभाळणं म्हणजे काय, हे मला घरातही कधी धड सांगता आलेलं नाही. इथे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

युनिक्सच्या कुळातली एक प्रणाली आहे, कोणीही फुकट घेऊन संगणकावर चालवावी अशी. तिच्यासाठी दूरदूरच्या देशांतली काही माणसं मिळून काम करतात, त्यांत मी एक. इतरांनी लिहिलेले प्रोग्राम आम्ही या प्रणालीवर एका आज्ञेत बसतील असे बांधून ठेवतो. असा बांधलेला गठ्ठा म्हणजे पॅकेज. काही पॅकेजं माणसं वापरतात. काही फक्त दुसरे प्रोग्राम वापरतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. लायब्ररी बदलली की तिच्या आधारावर चालणारे सगळे प्रोग्राम पुन्हा बांधावे लागतात. त्यांतला एक जरी अडला तरी जुनी लायब्ररी फेकता येत नाही.

दिवसा मी आदिलाबादच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा पाहते. पॅकेजांचं काम सकाळी, स्वयंपाकाच्या आधी. बारा वर्षं झाली. माझ्या नावावर चौदा पॅकेजं आहेत आणि त्यांतल्या पाचांची काही कटकट नाही.

उरलेल्या नवांची गोष्ट अशी. अक्षरांची जुळणी करणारी एक लायब्ररी आहे. मात्रा कुठे बसवायची, जोडाक्षर कसं दाखवायचं, हे ती ठरवते. तिची नवी आवृत्ती केव्हाच आली आणि सगळे प्रोग्राम नव्यावर गेले. एक राहिला. पुस्तकाची पानं मांडणारा तो जुना प्रोग्राम ज्याने लिहिला त्याने तो सोडून दिला आहे, पत्रांना उत्तर देत नाही. त्या एकासाठी जुनी लायब्ररी ठेवायची. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल असा करून देतो तो कंपायलर; जुनी लायब्ररी नव्या कंपायलरने बांधली जात नाही, म्हणून जुना कंपायलर ठेवायचा. त्या कंपायलरला जे जे लागतं तेही ठेवायचं. असे नऊ टेकू मी धरून उभी होते.

आणि माझ्या माहितीत तो प्रोग्राम एकच माणूस वापरत होता. उटनूरचे एक निवृत्त गुरुजी. मराठी घरातले, पण नोकरी सगळी जंगलातल्या गावांत झाली, त्यामुळे गोंडी पाण्यासारखी बोलतात. इकडच्या जुन्या पोथ्यांतली गोंडी लिपी त्यांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून शिकून घेतली. त्या लिपीत ते लहान मुलांसाठी वाचनपाठ तयार करतात. वर गोंडी ओळ, खाली तेलुगू, त्याखाली मराठी. कॉलेजच्या एका शिबिरात ते मला भेटले आणि हा प्रोग्राम मीच त्यांना बसवून दिला.

यंदा रिलीजची, म्हणजे प्रणालीची नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढण्याची, जबाबदारी असलेल्या बाईंनी लिहिलं की जुना कंपायलर नव्या यंत्रांवर बांधला जात नाही. तो दुरुस्त करा, नाहीतर ती सगळी साखळी काढून टाका. मुदत पाच आठवडे. याआधी दोनदा मी तो दुरुस्त केला होता आणि दोन्ही वेळा दोन-दोन महिन्यांच्या सकाळी त्यात गेल्या होत्या. इकडे डॉक्टरांनी साखर तपासून रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं होतं. तास कुठून काढायचा याचा हिशेब सरळ होता. मी काढून टाकायचं ठरवलं.

नवरा तहसील कचेरीत जमिनीच्या कागदांचं काम पाहतो. त्याने विचारलं, "तुह्या या फाइलीत दरखास्त कोणाची हाय?"

"माझीच."

"अन् मंजुरी?"

"तीपण माझीच."

"मग अडून काऊन राह्यली? अशी फाइल आमच्याकडं आली तर चहाच्या आधी निकाली काढतो मी."

"तुमच्याकडची चहा पाजल्यावरही निघत नाही म्हणतात."

तो पेपरात तोंड घालून बसला.

आमच्या गटात रीत अशी की पॅकेज काढायचं असेल तर सगळ्यांना एकदम ई-मेल जाते त्या टपालयादीवर तसं जाहीर करायचं आणि दोन आठवडे थांबायचं. कोणी हरकत घेतली नाही तर काढायचं. मी जाहीर केलं. कोणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? ज्याची हरकत असणार त्या माणसाने ती यादी जन्मात पाहिलेली नव्हती, आणि हे मला जाहीर करतानाच माहीत होतं. रीत पाळल्याचं समाधान बारा दिवस टिकलं. तेराव्या दिवशी मी उटनूरला फोन लावला.

"गुरुजी, तो पानं मांडायचा प्रोग्राम पुढं मिळणार नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर आहे तो चालेल. फक्त त्याला अपडेट करू नका, आहे तसा राहू द्या."

"बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. इंद्रवेल्लीवरून येणाऱ्या सकाळच्या बसने गुरुजी दारात हजर. पिशवीतून त्यांनी कोरा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

"तो जुना तर पोळ्यापासून बंद पडला बाई. हा पोरीनं देल्ला. याच्यावर बसवून द्या."

"काल फोनवर का नाही सांगितलं?"

"फोनवर सांगतलं असतं तं तुमी नाई म्हणाल्या असत्या. घरी आलेल्या माणसाला नाई म्हणणं जड जाते." बिनसाखरेच्या चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "साखर मात्र नाई म्हणून राह्यली तुमची."

मी म्हटलं, आधी नव्या लायब्ररीवरचा दुसरा प्रोग्राम लावून पाहू. त्यांची पानं त्यात उघडली. तेलुगू स्वच्छ, मराठी स्वच्छ. गोंडी ओळीतल्या मात्रा मात्र भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या. गुरुजींनी चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं.

"हे काय लिवलं?"

"तुम्हीच सांगा, मला कुठं वाचता येतं."

"कोणालेच येणार नाई असं लिवलं."

कारण मला लगेच कळलं, कारण ते माझंच होतं. संगणक प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या क्रमांकाने ओळखतो, आणि आम्ही सुरुवात केली तेव्हा या लिपीला असे स्वतःचे क्रमांक नव्हते. मी एका दुपारी वहीत तक्ता आखून दुसऱ्या एका लिपीच्या क्रमांकांवर गोंडी अक्षरं बसवली होती. जुनी लायब्ररी भोळी, दिलं ते तसंच छापायची. नवी लायब्ररी ते क्रमांक ओळखते आणि त्या दुसऱ्या लिपीच्या नियमाने मात्रा हलवते. पुढे गोंडी लिपीला स्वतःचे क्रमांक मिळाले, पण तोवर गुरुजींची दीडशेच्या वर पानं माझ्या तक्त्यावर तयार झाली होती. तक्ता केला तेव्हा मला मी फार हुशार वाटले होते. प्रोग्राम सोडून देणाऱ्याला मी दोन वर्षं मनातल्या मनात बोल लावत होते, आणि अडवून ठेवणारी गाठ मी मारलेली होती.

सुटायचा रस्ता एकच. सगळी पानं नव्या क्रमांकांत बदलायची, मग जुन्या साखळीची कोणाला गरज नाही. बदलणारा प्रोग्राम लिहायला मला दोन सकाळी पुरल्या असत्या. पण तक्ता करताना जागा कमी पडल्या म्हणून काही ठिकाणी एकाच क्रमांकावर मी दोन अक्षरं बसवली होती. कुठे कोणतं, हे वाचणाऱ्यालाच कळणार. म्हणजे प्रत्येक पान गुरुजींनी डोळ्यांखालून घालायला हवं, आणि त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"आठवड्याला दहा पानं तपासा," मी म्हटलं. "सहा महिन्यांनी पुढचं रिलीज आहे, त्याच्या आत संपेल."

"दहा नाई होत. चार."

"आठ."

"बाई, हा भाजीबाजार नोय. चार. अन् सणाच्या आठवड्यात दोन."

चाराने दहा महिने. म्हणजे एक रिलीज हातचं गेलं, कंपायलर यंदा दुरुस्त करायचाच आणि पुढच्या वेळी पुन्हा. मी त्यांच्या पेनड्राइव्हवरची पानं उतरवून घ्यायला लागले, तर आकडा जुळेना. दोनशे तीस फाइली निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच गेल्या दोन महिन्यांतल्या, म्हणजे त्यांचा संगणक बंद पडल्यानंतरच्या.

"गुरुजी, ही कोणाची पानं?"

"तीन गावचे मास्तर शिकून गेले ना माह्याकडून. त्यांच्या शाळेत हाय तुमचा प्रोग्राम. तेबी लिवून राह्यले." आवाजात उघड अभिमान होता.

"जुन्या तक्त्यानं?"

"मग कोणत्या? नवा तर तुमचा अजून व्हायचाच हाय."

"त्यांना म्हणावं, नवा होईपर्यंत थांबा."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात भलतंच काही विचारलं होतं. "लिवा, लिवा म्हणून चाळीस वर्सं मागं लागलो बाई लोकायच्या. आता कुठं लिवून राह्यले. आता थांबा म्हणू?"

मी चिडले होते. त्यांच्यावर नाही, मास्तरांवरही नाही. चिडायला समोर कोणी नव्हतं, हाच त्रास होता.

तीनच्या बसच्या आत लॅपटॉपवर जुना प्रोग्राम बसवून दिला; उद्या चौथ्या शाळेने मागितला तर तो मिळायला हवा होता. संध्याकाळी यादीवर लिहिलं की काढण्याचा प्रस्ताव मागे घेते. रिलीजवाल्या बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: मग कंपायलर ठरलेल्या तारखेपर्यंत चालता करा. सोमवारी सकाळी बांधायला घेतला, तो पहिल्याच फाइलीत अडला. बुधवारी पहिली फाइल सुटली, दुसरीत अडला.

शनिवारी उटनूरहून येणाऱ्या कंडक्टरच्या हाती गुरुजींनी पाकीट पाठवलं. तपासलेली चार पानं, कुठे कोणतं अक्षर हवं ते लाल शाईने दाखवलेली, बोलल्याप्रमाणे. त्यांच्याखाली जुन्या तक्त्यावरची नवी सात.